इनकॉम्पिटंट बाईची सही

इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर ती तेरा वर्षं चालवत होती. सगळे तिला वाफेश्वरी म्हणत, तोंडावरही आणि माघारीही.

वाफेचा दाब दाखवणारा काटा महिनाभर अडकला होता. तिने तीनदा लेखी कळवलं. नव्या साहेबांनी तिन्ही कागदांवर चहाचा कप ठेवला. मग एके दिवशी चादरी ओल्याच बाहेर आल्या आणि साहेबांनी तिला मेमो धाडला. त्यात एक शब्द ठळक होता: इनकॉम्पिटंट.

"म्हणजे काय हो?" तिने कारकुनाला विचारलं.

"म्हणजे... काम न जमणारी," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिने मेमो मावशीपुढे आपटला. मावशीची हयात कोर्टात टायपिंग करण्यात गेली होती. चष्मा लावून तिने तो वाचला आणि खुदकन हसली.

"अगं, हा शब्द मी हजारदा बडवलाय. कोर्टात याचा अर्थ वेगळा. इनकॉम्पिटंट माणसाची सही कायद्याला चालत नाही!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मेमोची पोच पुढे सरकवली. "इथे सही करा."

"माझी चालणार नाही, साहेब. तुम्हीच लिहिलंय तसं."

"भलतं काहीतरी बोलू नका!"

"बरं." ती स्टुलावर जाऊन बसली. बॉयलर पेटवण्याआधी रजिस्टरात तिची सही लागायची. तिने पेनाला टोपण लावलं.

दहा वाजेपर्यंत मळक्या कपड्यांचा ढीग छताला टेकला. ऑपरेशनच्या खोलीतून फोनवर फोन. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यात काय एवढं!" म्हणत ते स्वतःच पुढे सरसावले आणि त्यांनी भलताच नळ फिरवला. कालचं गढूळ पाणी भस्सकन त्यांच्या विजारीवर आलं. सगळं धुलाईघर भिंतीकडे तोंड करून खोकू लागलं.

साहेबांनी मुकाट्याने काट्याच्या मागणीवर सही केली. भांडारातून नवा काटा आला, वाफेश्वरीने समोर उभं राहून तो बसवून घेतला. मग साहेबांनी मेमोतला तो शब्द खोडला. पण हार कशी मानायची? वर दुसरा लिहिला: अनविलिंग.

तिने मावशीला फोन लावला. "इच्छा नसलेली," मावशीने अर्थ सांगितला. "भांड त्याच्याशी!"

"का म्हणून? खरंच तर आहे," वाफेश्वरी म्हणाली. तिने मेमोवर झोकात सही ठोकली, रजिस्टरावर दुसरी, आणि बॉयलर पेटवला.

"साहेब, जरा मागे सरका," ती म्हणाली. "विजार वाळत घालायची असेल तर दोरी पलीकडे आहे."