कॉम्प्युटर नऊ वाजता बंद

बंद पडलेल्या एका ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आला, तेव्हा त्याच्या पोटातून ओंजळभर धूळ, दोन टाचण्या आणि एक मेलेला कोळी निघाला. काढला मशीनवालीने. शिलाई मशीन दुरुस्त करते म्हणून बाजारात तिला सगळे मशीनवालीच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर तो खोलला, कामाच्या ब्रशने पंखा साफ केला, सैल झालेली एक वायर नीट बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'स्वागतकक्ष २'.

आता पुढचं काम टिमकीचं. टिमकी म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, वय वर्षं बारा. एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही, म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलेलं. पण मशीनवाली लग्न करून या घरात आली त्याला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तिच्यासमोर टिमकी काही वाजली नव्हती. 'हो', 'चालेल', 'थँक्यू', बस्स. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस हो, पोरीचा एक उलट शब्द नाही. मशीनवाली हसून वेळ मारून न्यायची. पाहुण्यांना कोणी उलट बोलत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

तीही काही कमी नव्हती म्हणा. पोरीने मागावं आणि हिने मान डोलवावी. पलंगावर ओला टॉवेल दिसला की मुकाट्याने उचलावा, पण तोंडातून चकार शब्द काढू नये. दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागत होत्या, की बघणाऱ्याचाच जीव गुदमरावा.

नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, तो फेरीवर होता. घरात या दोघी आणि आजोबा, म्हणजे तिचे सासरे. टिमकीने आधी त्या स्वागतकक्षाला निरोप दिला आणि प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायला घेतलं. वडिलांच्या खात्याला नाव दिलं 'बाबा' आणि चित्र लावलं बसचं. आजोबांनी हट्टाने 'मोठे साहेब' असं नाव लावून घेतलं. पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो हे त्यांनी तीनदा ऐकून घेतलं आणि मग तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. निदान तीन घरांना तरी तो ऐकू गेला असणार.

मग मशीनवालीची पाळी आली. तुमचं काय लिहू, टिमकीने विचारलं. लिही काहीही, ही म्हणाली. टिमकीने जरा विचार केला आणि ओळखपत्रावर असतं तसं तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. बाबा, मोठे साहेब आणि त्यांच्याखाली ते लांबलचक नाव. मशीनवालीला वाईट वाटलं. उगाच कशाला लपवा, चांगलंच वाईट वाटलं. पण 'छान झालं' म्हणून तिने विषय संपवला.

शेवटचं खातं खुद्द टिमकीचं. जन्माचं साल टाकताना तिचं बोट जरा घुटमळलं, वय चार-पाच वर्षांनी वाढवावं असा विचार असावा. पण आजोबांनी आरामखुर्चीतून खरं साल ओरडून सांगितलं. झालं, कॉम्प्युटर अडून बसला. तू अजून लहान आहेस, घरातल्या एका मोठ्या माणसाने तुझी जबाबदारी घेतल्याशिवाय खातं उघडणार नाही. खाली तिन्ही मोठ्यांची नावं.

आजोबा चष्मा सावरून पुढे सरकलेच होते. टिमकीने बाण सरळ खाली नेला आणि त्या लांबलचक नावावर दाबलं.

मशीनवालीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी जुनी यंत्रं तिने चालू केली होती, पण हे असं काही तिला कधी झालं नव्हतं. पोरीने आपलं नाव घेतलं! तेही सासऱ्यांच्या देखत! आजोबांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

टिमकीने लगबगीने खुर्ची रिकामी करून दिली. पडद्यावर आता मोठ्या माणसाला प्रश्न होता, कॉम्प्युटर रोज किती वाजता बंद व्हावा?

"ते मोकळं सोडा," टिमकी गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही नुसतं 'पुढे' दाबा."

तेव्हा कुठे मशीनवालीच्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबांनी आठ म्हटलं असतं, बाबांनी फार तर साडेआठ. कशालाही नाही न म्हणणारी बाई घरात एकच होती, आणि पोरगी काही दूधखुळी नव्हती. मशीनवालीचा पोपट झाला होता.

तिने 'पुढे'वर बाण नेला. नुसतं दाबलं की काम झालं, पुन्हा सगळं गोडीगुलाबीचं. नाही दाबलं, तर चार महिन्यांत कमावलेलं ते 'थँक्यू'सुद्धा गेलं. पण सकाळी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारी पोरगी तिला दिसली, शाळेच्या दप्तरावर डोकं ठेवून पेंगणारी. जबाबदारी घ्यायला बसवलंय ना मला, ती मनात म्हणाली. तिने आकडा टाकला.

"नऊ," ती म्हणाली. "सकाळी शाळा असते."

टिमकीचा चेहरा लालबुंद झाला.

"नऊ? नऊला तर तान्ही बाळं झोपतात. तू मला विचारलंस तरी का? तुला काही कळतच नाही."

ती पाय आपटत आत गेली, दार धाडकन लावलं, आणि सांगायचं बरंच राहिलंय हे लक्षात येताच पुन्हा बाहेर आली. मग चार महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. वेणी इतकी घट्ट घालतेस की डोळे ताणले जातात. निळा स्वेटर काळ्या पँटबरोबर धुतलास. काम करताना गुणगुणतेस ते किती बेसूर आहे. मशीनवालीनेही पदर खोचला. पलंगावरचा ओला टॉवेल, अर्धवट प्यायलेले पाण्याचे पेले, बेसिनमधले केस, एकेक करून सगळं तिने काढलं. आजोबांनी मध्ये तोंड घातलं, तर दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बस थांब्यावर उभी होती, त्याच्यापाशी पाचच मिनिटं होती. घरी सगळं ठीक ना, त्याने रोजच्यासारखं विचारलं.

"भांडण झालंय," मशीनवाली म्हणाली. "माझं आणि टिमकीचं. चांगलं कडाक्याचं."

तो घाबरलाच. काय झालं, कशावरून, ती रडतेय का, तू रडतेयस का, त्याला काही उमजेना. मागून टिमकीचा आवाज येत होता, शनिवारी तरी दहा, निदान शनिवारी.

"तुम्ही नंतर फोन करा ना," मशीनवाली हसू आवरत म्हणाली. "तिचं अजून संपलेलं नाही."