रुबलवरचा अंगठा

"अवो, वळखा बरं ह्ये काय हाय?"

रतनबाईने ओल्या पदराखालची मूठ पुढे केली. गोरक्ष शेतातून झेंडूची पाटी घेऊन नुकताच दारात आला होता. मोरीपाशी चिंचेचा कोळ, रांगोळीची पूड, उजळलेली निरांजनं आणि देवांचे टाक असा लक्ष्मीपूजनाचा पसारा मांडला होता. तिने मूठ उघडली. तळहातावर ओंकारचा रुबल होता, लख्ख पांढरा.

"पार काळा पडला हुता. दोनदा घासला तवा कुठं चांदी दिसली. लेकाची वस्तू, आन अशी काळी ठिवायची व्हय?"

गोरक्षने पाटी खाली ठेवली. ती तोंडाकडे बघत उभी होती, काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"झाक झालाय," तो म्हणाला.

काष्टी गावात गोरक्षला 'रशियावाला' म्हणत. माणूस पुण्याच्या पुढे कधी गेला नव्हता, सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झालेली. पण तरुणपणी एकदा आठवडे बाजारात, मोडीच्या चांदीवाल्याच्या फडक्यावर, त्याला एक नाणं दिसलं. त्यावर ऐरणीपुढे घण घेतलेला लोहार होता. हा तर आपला राम लोहार, म्हणून त्याने ते घेतलं आणि कुतूहलापोटी नगरला विष्णुपंत मास्तरांना नेऊन दाखवलं. मास्तरांना जुन्या नाण्यांचं वेड. ते म्हणाले, हा १९२४ सालचा रशियातला अर्धा रुबल, क्रांतीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतला. तिथून गोरक्ष जो नादाला लागला तो लागलाच. लोक बैल बघायला बाजारात येत, हा रशिया बघायला.

नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, कशी लावायची ते मास्तरांनीच शिकवलं. भिंग घेऊन बघायचं, लोहाराच्या अंगावरच्या कपड्याच्या घड्या शिल्लक आहेत की झिजल्या. नाणं कडेनं धरायचं, छापावर बोट लावायचं नाही. आणि चांदीवर हवेने चढलेली काळी-निळी झाक कधी घासायची नाही, ती नाण्याची कातडी. एकदा उतरलेली प्रत पुन्हा चढत नाही.

पुढे ओंकार डॉक्टर व्हायला रशियालाच गेला. तेव्हा गावाने गोरक्षची भरपूर चेष्टा केली, की बापाने नाण्यांसाठी पोरगं धाडलं. पहिल्या सुट्टीत त्याने अख्खा रुबल आणला. त्यावर एक कामगार शेतकऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला उगवता सूर्य दाखवत होता, आणि सूर्यापाशी कारखाना.

"आण्णा, ह्ये तर तुमीच. कारखाना पन हाय बघा," म्हणत ओंकारने दाखवायला म्हणून अंगठा बरोबर मधोमध टेकवला.

"कडंनं धर रं, कडंनं!" गोरक्ष ओरडला. पण अंगठा लागला तो लागला. पुसावं तर ओरखडे पडतील, म्हणून त्याने तसाच ठेवला. दिसत काही नव्हतं. मग वर्षा-दोन वर्षांनी तो ठसा हळूहळू वर येऊ लागला, आणि पुढे तर रेघ न् रेघ मोजता यावी इतका काळा झाला. गोरक्षने पाकिटावर लिहिलं: 'अंगठ्याचा ठसा, प्रत एक पायरी खाली.' ओंकार दर सुट्टीत विचारायचा, "आण्णा, मला कवा पास करनार?"

शिकून परत आल्यावर तो इथल्या परीक्षेची तयारी करत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी संध्याकाळी श्रीगोंद्याहून येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या, बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. असल्या ट्रॉल्यांची वजनं करण्यात गोरक्षची हयात गेली होती.

रीतीप्रमाणे कपडे देऊन टाकले, राख भीमेत सोडली. मोबाईलचा चुरा झाला होता. पोराच्या देहाची खूण म्हणून काय राहिलं, तर तो ठसा. गोरक्ष रोज सकाळी चहाआधी भिंग घेऊन बसायचा. रतनबाईला वाटे, नाणी बघतोय. त्यानेही कधी सांगितलं नाही, कारण सांगताना आपला आवाज टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा रतनबाईने आपणहून दिवाळी धरली होती, आणि लेकाचं नाणं लक्ष्मीपुढे ठेवायचं म्हणून पाकिटातून काढलं होतं. तिच्यावर काय रागवायचं? राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो मोबाईल घेऊन गोठ्यामागे गेला.

"मास्तर, घासलेलं नाणं पुन्ना काळं हुतं का?"

"होतं की, वर्षं लागतात. काही लोक उकडलेल्या अंड्याजवळ ठेवून झटपट काळं करतात, पण ते खोटं. कुठलं नाणं?"

"ओंकारचं."

 तो ठसा मास्तरांनीही भिंगातून पाहिला होता.

"आन मास्तर, त्यो ठसा? त्यो परत वर येतो का?"

"गोरक्षराव," मास्तर हळू म्हणाले, "ठशाला बोट लागतं हो."

गोरक्षला रडू फुटलं. म्हैस मान वळवून बघत राहिली. फोन चालूच होता, मास्तरांनीही तो ठेवला नाही.

दिवेलागणीला रतनबाईने पाट मांडला. नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, धने-गूळ, आणि मधोमध ताम्हणात तांदळावर रुबल. खूप दिवसांनी ती चांगलं लुगडं नेसली होती.

"कसा लखलखतोय बघा. त्याला बरं वाटंल."

"व्हय," गोरक्ष म्हणाला. आरती झाली. त्याने रुबल कडेनं उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"ह्याच्यावर अंगठा टेकव. मधोमध."

"मी? जलमभर कुनाला हात लावू दिला न्हाई, आन आता? डाग पडंल की."

"पडू दे."

ती सवयीने हात पदराला पुसू लागली.

"पुसू नगंस. हाय तसाच."

तिने अंगठा टेकवला, दाबला आणि उचलला. मग निरांजनाच्या उजेडात वाकून दोघांनी पाहिलं. चांदी नुसती पांढरी होती.

"काईच उमटलं न्हाई."

"उमटंल. येळ लागतो," गोरक्ष म्हणाला. त्याने रुबल कडेनं धरूनच तांदळावर परत ठेवला.