देव ऐकायला येतात

सकाळी सहाला आमच्या कॉलनीतल्या विहाराबाहेर, पिंपळाखाली नुसती झुंबड. कोणी तांब्या आणलेला, कोणी बाटली, एकाने तर चक्क बादली! फांदीतून टप टप पाणी पडत होतं. खाली शेखर आचार्य नावाचे, महिन्यापूर्वीच उगवलेले गृहस्थ डोळे मिटून सांगत होते, "रक्षणासाठी परित्राण पाठ म्हणण्याआधी तुम्ही देवांना बोलावता ना? मग, आले ते! हे त्यांचं अमृत. पण गोळी आणि अमृत एका पोटात नांदत नाहीत, बरं का!"

विहाराच्या भिंतीवर देवपूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा लिहिलेल्या. रांग त्याच भिंतीला टेकून उभी. मला संताप आला.

माझं कोपऱ्यावर मेडिकल आहे. "धंदा बुडतो म्हणून प्रफुल्ल बोंबलतोय," असं लोक म्हणाले. म्हणू देत. माझा जीव शेजारच्या रोहिणीच्या नऊ वर्षांच्या चैतालीत अडकला होता. पोरीला फिट यायच्या; दोन वर्षं गोळ्यांनी बंद होत्या. दर एक तारखेला रोहिणी गोळ्या न्यायची. आज पाच तारीख होती. मी तिला रांगेतच गाठलं.

"ताई, गोळ्या संपल्या असतील ना?"

"दादा, आता अमृत देतेय. चार दिवस झाले, आली का एकदा तरी फिट?"

"यायची वाट बघतेस का?" मी ओरडलोच. ती तोंड फिरवून गेली. दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीचे सुटे पैसे देत होतो.

दुसऱ्या दिवशी पिंपळ कोरडा! आचार्य कडाडले, "कोणीतरी चोरून गोळी घेतली! देव रुसले!"

रोहिणी पांढरीफटक पडली. तेवढ्यात चैतालीच्या हातातली बाटली निसटली. तिची बोटं आखडली होती. क्षणभरच, पण मी पाहिलं, आणि रोहिणीनेही.

गर्दीत भिमाबाई होती. उभी हयात दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत राबलेली. ती म्हणाली, "आज नळालाबी पाणी नाय. देव काय नळाच्या लायनीवर हायेत का?"

लोक हसले. भिमाबाई हसली नाही.

"झाडावरचं पाणी असं मोजूनमापून पडत नाय. हा थेंब मी लय वर्षं बघितलाय."

तिने बुंध्याला गुंडाळलेला पंचशील ध्वज हळूच सोडवला. त्यामागे काळी नळी. वर फांदीपर्यंत गेलेली, खाली भिंतीवरून थेट आचार्यांच्या खोलीतल्या नळाला जोडलेली.

"ही तर ठिबकची नळी!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"देव कुठल्याही मार्गाने येतात," आचार्य पुटपुटले.

"येऊ दे की!" भिमाबाई म्हणाली. " पाठाला आपण त्यांना धम्म ऐकायला बोलावतो. बुद्धापुढं देव हात जोडून शंका विचारायचे, भन्तेजींनी कितीदा सांगितलंय. ते आपल्याच सतरंजीवर बसणारे. त्यांना तू डॉक्टर केलास होय रे?"

आचार्यांनी पिशवी उचलली. त्यांना पोलिसांत द्यायला तरुण मंडळी सरसावली. मी मात्र डॉक्टरांना फोन लावत दुकानाकडे पळालो. "गोळी लगेच सुरू करा, आणि पोरीला आजच दाखवायला आणा," ते म्हणाले.

रोहिणी चैतालीला घेऊन मागोमाग आली. पाकीट मीच फोडलं. चैतालीने पेल्याकडे संशयाने पाहिलं.

"मामा, हे कसलं पाणी?"

"नळाचं. उकळून गार केलेलं."

तिने गोळी गिळली. रोहिणी तिथेच बाकावर बसून रडायला लागली.

देव खरंच ऐकायला येत असतील, तर त्यांनीही ऐकावं. फिट औषधाने आटोक्यात राहते. आणि माणसांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा नळ बंद करून बघत जा.