काळेपिवळे पट्टे

मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. मित्रांनो, गोष्ट सांगताना मी मध्येच तापले तर समजून घ्या. मला राग गिळता येत नाही.

माझा जन्म भिलाईच्या कॅम्प एक या वस्तीतला. पोलाद कारखान्यात यंत्रे ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या तिथेच कामाला असलेल्या देवरावांनी आणल्या आणि रामाजी सुताराकडून आपल्या मुलीसाठी मला करून घेतले. खोक्यावरची अर्धी अक्षरे माझ्या पाठीवर अजून दिसतात. मुलीचे नाव तारा. ती माझ्यावर बसायची कमी, चढायची जास्त. मला उलटी करून घरभर ढकलत न्यायची, आणि खरे सांगते, मला ते आवडायचे.

शाळेतून मात्र रोज तक्रार. तारा बाकावर टिकत नाही, दुसऱ्याचे बोलणे तोडते, अर्धे लिहून उठते. शेजारणी म्हणत, आईने लाडावून ठेवली. तिच्या आईने, प्रेमलाबाईंनी, दृष्ट काढली, धपाटेही घातले आणि मग स्वयंपाकघरात माझ्यावर बसून रडल्या. शेवटी नवराबायको ताराला नागपूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर घरात बोलणे झाले, त्यावरून मला कळले की हा हट्टीपणा नव्हता. लक्ष आणि वागणे यांचा तो विकार होता. डॉक्टरांनी रोज अर्धी गोळी दिली होती. शिवाय एका वेळी एकच काम सांगा, वर्गात बाईंच्या जवळ बसवा, मधूनमधून उठू द्या, असे बजावले होते.

"म्हणजे पोरगी माह्या हातानं नाही बिघडली," प्रेमलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या.

वर्गशिक्षिका शीलाबाईंनी सगळे ऐकून घेतले. "मग घरची खुर्ची आणा, बाकावरच्या मुलांना त्रास नको," त्या म्हणाल्या. "आणि दिवाळीपर्यंत शांत बसली नाही, तर नाव काढून घ्या."

देवरावांनी रंगाचे डबे काढले. कारखान्यात जिथे जपून वावरायचे तिथे काळेपिवळे तिरपे पट्टे असतात. तसेच त्यांनी माझ्यावर ओढले. "हे पाहून बाई पोरीले सांभाळून घेतीन," ते म्हणाले. भोळा माणूस. पण भिलाईच्या प्रत्येक पोराला ते पट्टे ठाऊक. दुसऱ्याच दिवशी वर्गाने ताराचे नाव 'खतरा' ठेवले आणि शीलाबाईंनी मला उचलून व्हरांड्यात ठेवले आणि ताराला तिथेच बसवले.

मित्रांनो, खुर्ची माणसाला मान देण्यासाठी असते. त्यांनी मला शिक्षा बनवले. तारा दाराच्या फटीतून फळा पाहायची आणि उत्तर येत असले की हात वर करायची. ज्या पोरीला क्षणभर थांबवत नाही, ती हात वर करून थांबायची. आतून कोणी बघत नसे. आजही आठवले की माझे खिळे तापतात.

एकदा प्रेमलाबाई विसरलेला डबा द्यायला आल्या आणि त्यांनी हे पाहिले. एका हातात मला, दुसऱ्या हातात ताराला धरून त्या सरळ वर्गात शिरल्या. मला शीलाबाईंच्या टेबलाशेजारी ठेवले आणि स्वतः माझ्यावर बसल्या. गुडघे हनुवटीला टेकले तरी हलल्या नाहीत.

"हे काय चाललंय?" शीलाबाईंनी विचारले.

"वर्गात शांत बसणारं माणूस तुमाले पायजे ना, तं मी बसली. माह्या पोरीले उभ्यानं शिकू द्या. दवा आमी देऊन राहिलो, बाकीचं तुमच्या हाती हाय."

शीलाबाई काही बोलणार, तोच ताराने नेहमीसारखेच न विचारता फळ्यावरच्या गणिताचे उत्तर सांगून टाकले. ते बरोबर होते.

"राहा मग इथंच उभी," शीलाबाई चिडूनच म्हणाल्या. पण दिवाळी झाली तरी नाव निघाले नाही.

वर्गातला तो प्रकार ऐकल्यावर पहिल्याच रविवारी देवरावांनी माझे पट्टे खरवडून काढले होते.

आता आम्ही भिलाईतल्याच वैशाली नगरात राहतो. तारा कॉलेजात जाते. पुस्तक माझ्यावर उघडे ठेवते आणि माझ्याभोवती फिरत फिरत वाचते. म्हणून मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादे मूल टिकत नसेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी, दाराबाहेर काढण्याआधी, त्याला काय होते ते विचारा. मी खुर्ची असून सांगते, बसलेच पाहिजे असे काही नाही.