मामंजी जिन्याशी थांबले

दुपारी एक चाळीसला कुत्रा घरात नसल्याचं उघडकीला आलं. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं, पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं आणि लादी इतकी लख्ख होती की कंट्रोलरबाईंना क्षणभर आपण मजला चुकलो असं वाटलं.

कंट्रोलरबाई बस डेपोत गाड्यांची वेळ सांभाळायच्या. कुठली गाडी किती वाजता सुटली, कुठे अडकली, कोणाची का चुकली, हे सगळं एकवीस वर्षं त्यांच्याच टेबलावर येत होतं. वय अठ्ठेचाळीस. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. कुत्रा तेरा वर्षांचा, आणि गेली दोन वर्षं त्याला दिसत नव्हतं.

घरातली दुसरी खोली दीड वर्षापूर्वी त्यांनी एका मुलीला दिली. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. सामान घेऊन आली त्या दिवशी कुत्र्याने तिच्या चपला हुंगल्या, तिन्ही पिशव्या हुंगल्या आणि मग तिच्याच खोलीच्या उंबऱ्यात तो आडवा पसरला. आत जायला वाट नाही.

"सासरा नको म्हणून दोन स्थळं मोडली मी," ती म्हणाली, "आणि इथे मामंजी आधीच उंबऱ्यात!"

तेव्हापासून त्याचं मूळ नाव गेलं ते गेलंच. मुलगी त्याच्याशी अहोजाहो करायची. मामंजी जेवले का, मामंजी रुसलेत, मामंजींची झोपमोड करू नका. बाईंना सुरुवातीला हा चावटपणा वाटला. महिन्याभरात त्या स्वतःच डेपोतून फोन करून विचारू लागल्या, "मामंजी काय करताहेत?"

घराची घडी व्यवस्थित बसली होती. सकाळचं फिरवणं मुलीकडे, संध्याकाळचं बाईंकडे. मधे अकराला मामंजी एकटे खाली जायचे. तीन जिने उतरायचे, मागच्या अंगणात आपले विधी उरकून उन्हात पडायचे आणि अकरा चाळीसला परत वर. डोळे गेल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. "आमच्या एकाही गाडीला हे जमत नाही," असं बाई डेपोत सांगायच्या.

त्या शनिवारी मुलीला सुट्टी होती. बाई आत आल्या तेव्हा ती गॅलरीत बादली विसळत होती.

"कुत्रा कुठाय गं?"

"मामंजी? तुमच्या खोलीत असतील की."

"नाहीये."

"मग माझ्या खोलीत."

"तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा आहे का? बघ जाऊन."

तिने बघितलं. पलंगाखाली, दारामागे, न्हाणीघरात. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते ताई," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, येऊन झोपले असतील."

बाई खाली गेल्या. अंगण रिकामं होतं. जिन्याला लागून तळमजल्यावर एका म्हाताऱ्या घड्याळजींचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर जिन्याकडे तोंड करून बसत.

"आजोबा, कुत्रा पाहिलात का आमचा?"

"पाहिला ना. अकरा चाळीसला आला रोजच्यासारखा. पहिल्या पायरीला नाक लावलं आणि शिंकला. मागे सरला. परत आला, परत शिंकला. म्हटलं, सर्दी झालीय बिचाऱ्याला."

"मग?"

"मग बसला इथेच. लोकांच्या दारात बसावं तसा, अंग चोरून. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मान वर केली तेव्हा बाराला पाच कमी होती, आणि हा नव्हता."

"अहो, मग हाक तरी मारायची!"

"मला वाटलं वर गेला. रोज जातो. आज जाणार नाही हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

बाई पहिल्या पायरीशी वाकल्या. वास त्यांच्याच नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. मुलगी मागे उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"ताई, जिना मी धुतला."

"कधी?"

"मामंजी खाली गेल्यावर. ओल्यावरून घसरतील म्हणून ते जायची वाट बघितली मी."

"कशानं धुतलास?"

"आमच्याकडचं औषध आहे. वॉर्डात वापरतात ते."

चार दिवसांपूर्वी जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याच्या पोटावरची खरूज पाहून सांगितलं होतं, अंथरूण स्वच्छ ठेवा. मुलीने ते मनावर घेतलं. आणि लाँड्रीत तिला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवली होती: मळकं आणि धुतलेलं एकमेकांना लागलं तर धुतलेलंही मळकंच धरायचं. म्हणून अंथरूण धुतल्यावर त्याखालची सतरंजी आली, सतरंजीमागून पायपुसणं, मग सोफ्याच्या खोळी, पडदे, चादरी, टॉवेल, लादी आणि शेवटी तिन्ही जिने. तिच्या हिशेबाने कुठेच चूक नव्हती.

"डॉक्टर अंथरूण म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"अर्धवट धुऊन उपयोग नसतो ताई."

"त्याला डोळे नाहीत. नाकानं घर ओळखतो तो. तू त्याचा पत्ता धुऊन काढलास." बाईंनी आवाज चढवला नाही. डेपोतले ड्रायव्हर त्यांच्या याच आवाजाला घाबरत.

मुलगी वर जाऊन चपला घालून आली.

दोन ते सव्वातीन दोघींनी आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. शाळेच्या भिंतीकडची बाजू मुलीने घेतली, बाजाराकडची बाईंनी. भाजीवाल्यांनी कुत्री पुष्कळ पाहिली होती, त्यांतलं हे कोणतं ते कोणालाच सांगता येईना. बाईंना बाजाराची धास्ती नव्हती. बाजारापलीकडे हमरस्ता होता आणि त्यावरून अवजड ट्रक जात. कुत्रा तिकडे गेला, तर पुढचं बोलायला नको.

त्यांनी डेपोत फोन लावला. दुपारच्या पाळीचा कंट्रोलर त्यांच्यापेक्षा वयाने लहान आणि तोंडाने मोठा होता.

"सगळ्या ड्रायव्हरांना सांग. पांढरा, पाठीवर तपकिरी डाग, डावा कान दुमडलेला. आंधळा आहे, कडेकडेनं चालतो. हॉर्न वाजवायचा नाही, बिथरतो."

"म्हणजे बाई, तुमच्या घरचीच गाडी लेट?"

"साडेतीन तास. सांगतोस का मी येऊ?"

"सांगतो, सांगतो. हे काय, माईक हातातच आहे."

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर धीर दिला. असे कुत्रे फार लांब जात नाहीत, फेऱ्या मारत राहतात. तो ज्यावर झोपतो असं काहीतरी, न धुतलेलं, जिन्याशी ठेवा. वाऱ्याबरोबर वास गेला तर त्या मागावर येईल.

बाईंनी आधी कपड्यांवर चढवलेला डेपोचा शर्ट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला, पण त्याला डिझेलचाच वास जास्त होता. मग त्यांनी घर धुंडाळलं. धुऊन, वाळवून, घड्या घातलेल्या चादरी. पांढरेशुभ्र टॉवेल. कुत्र्याच्या अंथरुणाला साबणाचा मंद सुगंध. कुत्रा तेरा वर्षं राहिलेल्या घरात मळकं असं काही म्हणजे काहीच सापडेना.

"माझा जुना कोट कुठाय?" त्यांनी विचारलं. पिल्लू असल्यापासून कुत्रा त्या लोकरी कोटावर झोपत आला होता. थंडीत तो कोट कोणाचा यावरून बाईंचं आणि त्याचं भांडणही होई.

मुलीने ओठ चावला. "कोट गेला."

"कुठे गेला?"

"दुसऱ्या गाठोड्यात. सकाळी नऊला लाँड्रीत ठेवून आलेय. शनिवारी शेवटच्या फेरीत आमचे घरचे कपडे टाकता येतात. चारची फेरी."

भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

"फोन कर त्यांना."

"मशीनपाशी कोणाला ऐकू येत नाही, ताई. आणि माझी सुट्टी आहे, तिकडे कोण धावणार? मीच जाते. पण चालत गेले तर चार वाजून जातील."

बाईंना आठवावंही लागलं नाही. "तीन पंचेचाळीसची तेरा नंबर. कोपऱ्यावर थांबते. तीन सत्तावन्नला तुला इस्पितळाच्या फाटकाशी सोडेल. पळ!"

ती पळाली. बाई जिन्याशी राहिल्या, कारण कुत्रा आला आणि कोणीच नसलं तर पुन्हा पंचाईत. घड्याळजींच्या नळावरून त्यांनी बादल्या भरल्या आणि पहिल्या दहा पायऱ्यांवर नुसतं पाणी ओतलं. ओतलं, झाडूने लोटलं, पुन्हा ओतलं. वास कमी झाला, गेला नाही.

"माणसानं इतकं स्वच्छ राहू नये," घड्याळजी दुकानातून म्हणाले.

"आजोबा, तुम्ही जरा रस्त्याकडे बघत बसा."

चार पस्तीसला मुलगी परत आली. काखेत कोट होता, केस विस्कटलेले, कोपर सोललेलं.

"मिळाला?"

"मशीनचं दार लागलं होतं ताई. पाणी चढायला सुरुवात झाली होती. लाल बटण दाबलं मी."

"दाबू देतात?"

"आग लागली तरच. आत सुपरवायझरचेच पडदे होते. केवढी बोलली! सोमवारी साहेबांपुढे उभं राहायचंय. डावी बाही भिजलीय बघा, पण साबण सुटला नव्हता."

बाईंनी कोट नाकाशी धरला. ओल्या लोकरीखाली कुत्र्याचा वास होता. त्यांनी कोट पहिल्या पायरीवर पसरला आणि दोघी दुकानाच्या फळीवर जाऊन बसल्या, वाट अडू नये म्हणून.

"ताई, मी खोली सोडू का?"

"आधी कुत्रा सापडू दे. मग भांडू. आत्ता भांडण्यात वेळ घालवायचा नाही."

"मला ते खरंच आवडतात हो."

"माहितेय. आवडत नसता तर तू जिना कशाला धुतला असतास? तोच तर घोळ झालाय."

सहा दहाला डेपोतून फोन आला. नऊ नंबरच्या ड्रायव्हरने पाण्याच्या टाकीच्या वळणावर तसाच कुत्रा पाहिला होता. भिंतीला घासत, नाक खाली घालून चालला होता. एका उतारूने धरायला हात पुढे केला तसा तो तुटलेल्या कठड्यातून छापखान्यामागच्या गल्लीत शिरला. बाईंनी त्या ड्रायव्हरलाच फोनवर घ्यायला लावलं.

"त्या गल्लीला दोन तोंडं आहेत. एक आमच्या रस्त्याला निघतं, एक हमरस्त्याला. तो कुठल्या बाजूला वळला?"

"तेवढं नाही बघितलं बाई. गाडी सुटायची वेळ झाली होती. एक मिनिट उशीर झाला तरी तुम्ही लेखी खुलासा मागता."

बाईंनी फोन ठेवला, घड्याळजींकडून कात्री मागून घेतली आणि कोट पाठीवरून उभा कापायला सुरुवात केली. लोकर जाड होती, कात्री घड्याळाचे पट्टे कापायची. पाच मिनिटं लागली. मुलगी बघत राहिली.

"हा कोरडा भाग तू घे," बाई म्हणाल्या. "छापखान्याच्या गल्लीत जा. हमरस्त्याच्या तोंडापासून सुरुवात कर आणि तिथून जिन्यापर्यंत जमिनीवरून घासत आण. उचलायचा नाही."

"रस्त्यावरून? चिखल आहे तिकडे."

"मळू दे. जितका मळायचा तितका मळू दे."

मुलगी गेली. भिजल्या बाहीचा अर्धा भाग बाईंनी पायरीवर ठेवला. रस्त्यावरचे दिवे लागले. घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं, पण दुकान बंद केलं नाही.

पावणेसातला मुलीचा फोन आला. ती हमरस्त्याच्या तोंडाशी पोचली होती. रस्त्यावर काही पडलेलं दिसत नव्हतं, तिने दोन्ही बाजूंना लांबवर बघितलं होतं. छापखान्याच्या पहारेकऱ्याने साडेसहाच्या सुमाराला एक कुत्रा गल्लीतून जाताना पाहिला होता, पण अंधारात रंग काही कळला नव्हता.

सात वाजून पाच मिनिटांनी दुसरा फोन आला. गल्लीच्या मध्यावर नळाखालच्या चिखलात कुत्र्याच्या पावलांचे ताजे ठसे होते. ते जिन्याच्या बाजूने वळलेले दिसत होते. पण पुढे फरशी सुरू होत होती आणि फरशीवर काहीच उमटलं नव्हतं. मुलगी कोट ओढत शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. तिथून जिना चारशे पावलांवर होता. कुत्रा अजून आला नव्हता; बाई पायरीवरच्या कोटाशेजारी रस्त्याकडे बघत बसून राहिल्या.