घानातून टोगोला जाताना

सकाळी लवकर निघायचं. ऊन चढायच्या आत फाटकावर पोचलं की साहेब खुशीत असतो.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टच्या आत ठेव, वरती नाही. वरती दिसलं की बघतात, आणि एक बघितलं की दुसरं मागतात.

फाटकावरच्या पोरांकडे पैसे बदलू नकोस. तुझ्यासमोर मोजतात आणि घडी घालताना मधल्या नोटा गिळतात.

व्हिसा टोगोवाले तिथेच देतात. स्टॅम्प, पलीकडे लगेच लोमे शहर, एक कॉफी, उलटं फिरायचं. घानात नव्याने शिरलीस की मुदत नवी. आमचे दुबईवाले इराणच्या किश बेटावर जाऊन हेच करायचे. एक्झिट मारायची, परत यायचं. खलास.

*

गुरुवारी संध्याकाळी मुनव्वर हे सगळं फोनमध्ये बोलून पाठवत होता. कुवेतमध्ये हवल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सोफ्यावर मांडी, फोन ओठांना टेकलेला. ऐकणारी त्याची मुलगी तहरीम अक्रात होती. घानाहून रत्नागिरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कच्च्या काजूची प्रत तपासायची तिची नोकरी. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि वाढवून मागण्याचा अर्ज तिकडच्या कुठल्यातरी टेबलावर बसून राहिला होता.

लग्नाआधी मुनव्वर लोमेत एका व्यापाऱ्याच्या गोदामावर होता. आता अर्दियात एका कंपनीच्या गोदामावर आहे. मध्ये आयुष्य झालं.

"लोमेत पाव झकास मिळतो," तो म्हणाला. "फ्रेंचांचा मुलूख तो."

"दोन वर्षं पावच खाल्लात वाटतं," त्याची बायको बिल्कीस आतून म्हणाली. "कधी त्या शहराचं दुसरं काही ऐकलं नाही तुमच्या तोंडून."

"तुला काय करायचंय गो? तू चालली आहेस?"

"मी कुठे चालले. मी बकाल्यात चालले, दूध संपलंय."

तहरीमचं उत्तर आलं. "अब्बा, यू आर अ लेजंड." मुनव्वरने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा आवाज वाढवून.

*

निघण्याआधी व्हिसावरचा प्रत्येक शब्द वाचावा.

हे मुनव्वरने सांगितलं नव्हतं.

*

शुक्रवारी दुपारी तहरीमचे मेसेज तुकड्यातुकड्यांनी आले. रेंज दोन देशांच्या मधोमध लोंबकळत होती.

घानाने बाहेर पडल्याचा शिक्का मारला, म्हणजे मी आता घानात

टोगोवाला म्हणतो व्हिसा आधी ऑनलाइन काढावा लागतो, हल्ली फाटकावर देत नाहीत, कधीपासून विचारलं तर हसला, म्हणजे मी टोगोतही

परत फिरले. घानावाला म्हणतो मॅडम तुमचा व्हिसा एकदाच आत येण्याचा, ते एकदा तुम्ही

सिंगल लिहिलंय अब्बा. मी बघितलंच नाही. तुम्ही म्हणालात म्हणून मी

मध्ये काँक्रीटचा पट्टा आहे. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका दोन्हीकडून जातायत येतायत, त्यांना कोणी काही

मी एका टायरवर

बॅटरी

*

बाहेर धूळ उठली होती. समोरची इमारत दिसत नव्हती, तिच्या खिडक्यांतले एसी तेवढे घुमत होते. बिल्कीसने खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते तरी दातांखाली रेती येत होती. मुनव्वर जुम्म्याची नमाज पढून आला तो टोपी न काढताच हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला. हॉल एवढासा. सोफा, वळण, टीव्ही, वळण.

"वीसेक वर्षांपूर्वीही देत होते," तो म्हणाला. "आमचा हमीद गेला होता, त्याला दिला फाटकावर."

"हमीद आता किती वर्षं कबरीत आहे?"

"तू मला आता टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही. विचारते."

तो थांबला. "मी स्वतः जाऊन आणली असती तिला."

"तुमचा स्वतःचा इथून बाहेर पडायचा एक्झिट परमिट मिळेना. ईदला गावी जायचं म्हणून अर्ज केलात, कंपनी म्हणाली माल उतरल्यावर बघू. माल रोज उतरतोय."

टीव्ही, वळण.

*

अडकल्यास काय करावं.

एक पोर्टेबल चार्जर कोणीतरी तहरीमला दिला. साबण विकणारी बाई होती म्हणे. मग तिने सरळ फोन केला आणि नीट सांगितलं.

दरवाजे दोन होते.

घानाच्या बाजूचा साहेब भला होता. तो म्हणाला, आजचा शिक्का मी रद्द करू शकतो, पण तुमच्या कंपनीच्या जबाबदार माणसाने कागद घेऊन इथे समोर यायला हवं. तहरीमच्या साहेबीण मिसेस मेन्सा अक्राहून निघाल्या होत्या. रस्त्यात एक ट्रक उलटला होता. आणि भल्या साहेबाची पाळी संध्याकाळी संपणार होती. त्याच्या जागी येणारा कसा असेल ते साबणवालीलाही माहीत नव्हतं.

टोगोच्या बाजूचा म्हणाला, आजचं लोमेहून सुटणारं पक्कं तिकीट दाखवा, जिथे तुम्हांला घेतील तिथलं. मग मी शिपाई देतो, तो तुम्हांला थेट विमानतळावर सोडेल.

"जिथे घेतील तिथलं म्हणजे कुवेत," मुनव्वर म्हणाला. "इकामा आहे तुझा अजून."

"अब्बा, नो. मिसेस मेन्सा येतायत."

"ट्रक उलटलाय म्हणालीस ना."

"दे आर क्लिअरिंग इट."

"आणि साहेब बदलला तर? रात्र काढशील त्या टायरवर? जवान मुलगी?"

फोनमध्ये हॉर्न, बकऱ्या, कुणाचं तरी हसणं.

*

इकाम्याविषयी.

तहरीम कुवेतमध्ये जन्मली, म्हणून ती कुवेतची होत नाही. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना; ती बापाच्या इकाम्यावर आहे, बाप कंपनीच्या. देशाबाहेर सहा महिने राहिलं की इकामा आपोआप मरतो. तहरीमचे सहा महिने पुढच्या महिन्यात भरत होते. त्याआधी तिने इथे एकदा पाऊल टाकलं नाही, तर पुढे ती या घरात पाहुणी. व्हिसा मिळाला तर मिळाला.

मुनव्वर महिनाभर तिच्या मागे लागला होता की एकदा येऊन जा. बिल्कीसला ठाऊक होतं की 'येऊन जा' यातलं 'जा' खरं नव्हतं. मुरुडहून एक स्थळ आलेलं होतं, आदिल नावाचं, इथेच बँकेत होतं. तहरीम पहिल्यांदा निघाली तेव्हासुद्धा तिचा पासपोर्ट तीन दिवस सापडत नव्हता, आणि मग मुनव्वरच्याच कपाटात सापडला होता.

"अहो," बिल्कीस म्हणाली, "तुम्हांला खरंच माहीत नव्हतं ना? की आता व्हिसा तिथे देत नाहीत?"

त्याने टोपी काढली. कपाळावर तिचा वळ उठला होता.

"बाप आहे मी तिचा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, तेव्हा तिने ते खरं मानलं. "नव्हतं माहीत. पण आता अल्लानेच वाट काढली असेल तर मी नको कशाला म्हणू?"

*

तिकीट काढताना.

तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. लोमे, अदिस अबाबा, कुवेत. नाव तहरीम मुनव्वर, पासपोर्ट नंबर त्याला पाठ.

रात्रीची अजान झाली. तिकडे अजून ऊन होतं. तहरीमचा फोन आला. आवाज बसलेला.

"साहेब टेबल आवरतोय अब्बा. मिसेस मेन्सा फोन उचलत नाहीत."

"मी तिकीट काढतोय."

"काढा मग," तहरीम मराठीत म्हणाली. "तुम्हांला जे करायचं ते करा."

बिल्कीस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. हे वाक्य तिचं होतं. दर वेळी इकामा नवा करताना, घर बदलताना, शिवणाचं दुकान काढायचं राहिलं तेव्हा, तिने हेच म्हटलं होतं, याच सुरात, आणि मुनव्वरने त्याचा अर्थ होकार असा घेतला होता. तिने मुलीला ते कधी शिकवलं नव्हतं. घरात पडलेलं होतं, मुलीने उचललं.

मुनव्वरने कार्डाचा नंबर घातला.

बिल्कीसच्या हातातला फोन थरथरला. मुनव्वरचा नंबर कंपनीच्या सिमचा, कंपनी कधी काढून घेईल याचा भरवसा नाही, म्हणून बँकेत त्याने फार पूर्वी बायकोचा नंबर दिला होता. घरातला प्रत्येक ओटीपी तिच्याकडे येतो. ती आकडे वाचते, तो दाबतो. यात विचार करण्यासारखं कधी काही नव्हतं.

"बोल," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

तिने फोन पालथा धरला.

"आला ना? बोल लवकर, वेळ जातो."

"आलाय."

"मग?"

"नाही सांगत."

त्याने मान वर केली. पडद्यावर सेकंद उतरत होते. "डोकं फिरलं काय तुझं? ती रस्त्यात बसलीय."

"बसूदे."

"तीच म्हणाली काढा म्हणून!"

"मी पण म्हणायचे."

त्याला समजलं नाही. किंवा समजलं, आणि समजलेलं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. पडद्यावरची वेळ संपली. त्याने पुन्हा बटण दाबलं. फोन पुन्हा थरथरला. बिल्कीसने मेसेज न उघडता पुसून टाकला आणि फोन कुर्त्याच्या खिशात घातला. तो उठून आला, हात पुढे केला. हात तसाच राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यावर हात टाकला नव्हता आणि आज कसा टाकतात ते त्याला येत नव्हतं.

"काही झालं तिला," तो म्हणाला, "तर तुझ्यावर."

"माझ्यावर."

टेबलावरच्या फोनमधून हे सगळं तहरीम ऐकत होती. फोन चालूच राहिला होता.

"अम्मी?"

बिल्कीसने तो उचलला. "तिकीट काढलेलं नाही. त्या साहेबाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहा. बसू नकोस. तो उठला तर त्याच्याबरोबर दारापर्यंत चाल, आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काजूचं बोल. काहीही बोल. बाई येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नकोस."

*

( इथे काही घडलं नाही. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना. तिने जेवण वाढलं नाही, त्याने मागितलं नाही. ती मनातल्या मनात ट्रक बाजूला ढकलत होती. )

*

व्हिडिओ कॉल. गाडीचा मागचा भाग, तहरीमचा घामेजलेला चेहरा, शेजारी ठसठशीत गजरी झगा घातलेल्या मिसेस मेन्सा हात हलवत होत्या. पासपोर्टवरच्या शिक्क्यावर आडवी रेघ आणि सही. तहरीम तो कॅमेऱ्यापुढे नाचवत होती.

"तो घरी निघालाच होता अम्मी! मी त्याला काजूच्या टरफलाच्या तेलाने हात कसे भाजतात ते सांगत बसले. ही वॉज सो बोअर्ड, पण गेला नाही. अब्बा, तुम्ही रडताय?"

"धूळ आहे इथे," मुनव्वर म्हणाला. "मॅडमना सलाम सांग." मग, "शाबास."

"आणि अर्जाचं मिसेस मेन्सा सोमवारी स्वतः जाऊन बघणार आहेत. आता मी इथून हलत नाही. कामच एवढं आहे, सीझन संपेपर्यंत सुट्टीच नाही." ती हसत होती. "बकरीदला येते मी. तुझ्या हातची सांदणं खायला. पक्कं."

मुनव्वरने बिल्कीसकडे पाहिलं. बकरीद पुढच्या महिन्याच्या बऱ्याच पलीकडे होती, इकाम्याच्याही. तो तोंड उघडणार होता.

"ये," बिल्कीस म्हणाली. "नारळ आणून ठेवते."