जानरावांचा गुलाबी फेटा

रिठदच्या विमलबाईंची गोधडी बोलते, ही बातमी केनवडच्या बाजारापर्यंत पोचली होती. बोलते म्हणजे खरोखरच बोलते. त्यांच्या भावाची नात साक्षी नागपूरला कला शिकत होती. तिने गोधडीच्या मागून वीज वाहणारा बारीक धागा टाचला आणि तो कॉम्प्युटरला जोडला. ठिगळावर हात ठेवला, की भिंतीवर चित्र उमटायचं आणि त्या कापडाची गोष्ट विमलबाईंच्या आवाजात ऐकू यायची. साक्षी म्हणाली, गावाचा इतिहास तो हाच.

पंधरा दिवस ओट्यावर बसून विमलबाईंनी एकेका चिंधीची कुंडली मोबाइलपुढे मांडली होती. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाताना आईने नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा आला, तेव्हा त्या दोनदा बोलायच्या थांबल्या. बाकी सगळं घडाघडा.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात उद्घाटन ठरलं. पाहुणे म्हणून जानराव आले. विमलबाईंनी त्यांच्या शेतात तीस वर्षं निंदण केलं होतं. साक्षी त्यांना म्हणाली, "आबा, पहिला हात तुमचा. या गुलाबी ठिगळावर ठेवा."

विमलबाई जागच्या उठल्या.

ते ठिगळ जानरावांच्या लग्नातल्या फेट्याचं होतं. पुरात उडी टाकून वासरू काढलं, फेटा तेवढा वाहून गेला, असं जानराव पन्नास वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आले होते. खरं काय घडलं ते विमलबाईंना एकट्यांना ठाऊक होतं, आणि कोणाला सांगणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता. मोबाइल हा कोणी माणूस नव्हे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

जानरावांनी हात पुढे केला. विमलबाई लगबगीने आल्या आणि तखतावर पसरलेल्या गोधडीवर चक्क बसल्या.

"आजी, काहून बसून राह्यली तू?" साक्षी म्हणाली.

"पाय दुखून राह्यले."

पण त्यांच्या बसण्याने वीस ठिगळं एकदम दाबली गेली. वीस विमलबाई एकाच वेळी बोलू लागल्या. भिंतीवर बैलगाडीत विहीर आणि विहिरीत शाळा दिसू लागली. एकेक गोष्ट संपत गेली, आवाज विरळ झाले, आणि शेवटी सगळ्यात लांबलेली तेवढी उरली.

"...म्हैस मागं लागली तं जानरावभाऊ बाभळीवर चढले. फेटा काट्यात अटकला. म्या म्हैस हाकलली, फेटा ओढला तं फाटला. भाऊ म्हणे, विमल, कोनाले सांगू नको."

जानरावांनी घसा साफ केला.

"म्हैस नव्हती. रेडा होता."

"म्हैसच होती," बायकांच्या रांगेतून त्यांच्या पत्नी चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. "माह्या माहेरून आलती. लई गरीब जनावर."

मग जे हसू फुटलं ते चहा येईपर्यंत थांबलं नाही.

विमलबाई मान खाली घालून जानरावांपाशी गेल्या. "भाऊ, माह्याकडून शब्द मोडला."

"पन्नास वर्सं पाळला, तेच लई झालं," जानराव म्हणाले. मग साक्षीकडे वळले. "पोरी, हे खोडता येते का?"

"इतिहास खोडता येत नाही, आबा. पण तुमची गोष्ट जोडता येते."

दुसऱ्या दिवशी जानराव जुन्या सदऱ्याची बाही घेऊन ओट्यावर हजर. दोन तास बोलले. रेड्याची शिंगं बोलता बोलता हातभर वाढली. विमलबाई समोर बसून बाही टाचत होत्या, आणि प्रत्येक वेळी शिंगं वाढली की सुई थांबवून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"फेट्यापासून दूर लाव," जानराव जाताना म्हणाले.

विमलबाईंनी बाही पार काठाशी लावली. चतुराबाई आल्या, बाहीच्या ठिगळावर हात ठेवून गोष्ट संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि हसून भिजलेले डोळे पदराने पुसत म्हणाल्या, "आवाज तेवढा चांगला आला यांचा."